नांगर आणि खबर

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आपण 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तीन नावे एका दमात घेतो. त्यांतल्या कथा, स्त्रीप्रश्नावरचे लेखन, बुद्धिवादी निबंध यांची नोंद होते आणि प्रकरण पुढे सरकते. या मासिकांमागे एक कारखाना होता हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तो उल्लेख बहुधा आश्रयदात्याचा असतो. एका उद्योगी घराण्याजवळ पैसा आला, त्यातून त्याने साहित्याची सेवा केली, अशी काहीशी समजूत त्यामागे असते. ही समजूत इतिहासाचा क्रम उलटा लावते असे मला वाटते. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर बंधू' ही घरगुती पेढी मर्यादित कंपनी झाली. वाढत्या कारखान्याच्या ज्या गरजा होत्या, त्यांपैकीच एक गरज हे मासिक भागवत होते. भट्टी, लेथ आणि हिशेबाच्या वह्या यांच्या पंगतीत बसणारी ती एक वस्तू होती. ती तिथून उठून वाङ्मयाच्या इतिहासात कशी आली, हे पाहायचे तर आधी नांगराकडे जायला हवे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर या, तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावी झाला. हे गाव आपल्या परिचयाचे आहे. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्याच गावचे. मराठी संगीत नाटक आणि मराठी मुलखातला लोखंडी नांगर या दोन्ही गोष्टींमागे एकच गाव आणि एकच आडनाव असावे, या योगायोगाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लक्ष्मणरावांचाही पहिला ओढा कलेकडेच होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत असे आढळले आणि चित्रकार होण्याचा मार्ग खुंटला. राहिले ते यांत्रिक रेखाटन, कारण त्याला रंग लागत नाहीत. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे आले. दोघा भावांचे सायकलींचे दुकान तिथे १८८८पासून होते. 'किर्लोस्कर बंधू' हे नाव त्या दुकानाचे.

दुकानातून कारखान्याकडे जाणारा रस्ता शेतीच्या अवजारांवरून गेला. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत लोखंडी नांगर. हा नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकरी मानत, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे लक्ष्मणरावांच्या चरित्रात सांगितले जाते. ही गोष्ट अडाणी शेतकरी आणि द्रष्टा कारखानदार अशा साच्यात बसवून सांगण्याची आपल्याला सवय आहे. मात्र त्या नकाराचा अर्थ लावायचा तर त्या वेळच्या गावाची व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात ती सविस्तर आली आहे.

लाकडी नांगर गावातच होत असे. सुताराने लाकूड तासायचे, लोहाराने फाळ शेवटून द्यायचा आणि सुगीला दोघांनी बलुते न्यायचे. मोडतोड झाली तर दोघेही चार घरे पलीकडे राहत. लोखंडी नांगराने ही सगळी नाती एकदम तोडली. त्याला रोख पैसे लागत. तो जमीन खोलवर उलथून हरळी आणि कुंदा मुळापासून काढी, हे खरे. परंतु त्यासाठी बैलांच्या अधिक जोड्या जुंपाव्या लागत. सर्वांत अडचणीची बाब म्हणजे तो ओतीव होता. गावचा लोहार घडीव लोखंड तापवून ठोकू शकतो. बीड ठोकता येत नाही, ते तडकते. म्हणजे ऐन नांगरटीत एखादा भाग मोडला की गावातले कोणतेही कसब उपयोगी नाही. तो भाग परगावच्या कारखान्यातूनच यायला हवा. ज्या माणसाला आपण पाहिलेले नाही, ज्याला बलुते द्यायचे नाही, ज्याच्यावर गावाचा दाब नाही, त्याच्या भरवशावर पेरणी सोडायची! 'लोखंडाने जमीन बिघडते' या समजुतीत हा सगळा अविश्वास थोडक्यात साठवला गेला असावा. शेतकरी धातूइतकाच त्या अनोळखी संबंधालाही भीत होता.

कारखान्याच्या वाढीचा सगळा प्रश्न येथे बीजरूपाने दिसतो. एक चांगला नांगर बनवणे हे कारागिरीचे काम आहे. परंतु हजारावा नांगर पहिल्यासारखाच हवा, आणि पहिल्याचा मोडलेला फाळ काढून तिथे आज ओतलेला फाळ जसाच्या तसा बसायला हवा, हे वेगळ्या प्रकारचे काम आहे. आधी लाकडी नमुना करायचा. वितळलेले बीड थंड होताना आकसते, म्हणून नमुना त्या हिशेबाने किंचित मोठा ठेवायचा. वाळूच्या साच्यात रस ओतायचा, आणि बोल्टाची भोके दर वेळी त्याच जागी यायला हवीत. यांतले काहीही ओतकाम करणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडून चालत नाही. यांत्रिक रेखाटनाचे मोल येथे कळते. कागदावरची रेघ ही मालकाच्या गैरहजेरीत बोलणारी आज्ञा असते. रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराने रेषेची भाषा हाती घेतली आणि ती कारखान्याची पहिली लिखित भाषा ठरली, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल, पण ते शब्दशः खरे आहे.

बेळगावात जम बसत असतानाच नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने आपल्या संस्थानात सुमारे ३२ एकर जमीन दिली, कर्जाचीही सोय झाली. जागा होती कुंडल रोड नावाच्या एका अनोळखी रेल्वे स्थानकाजवळ. निवडुंगाने भरलेला, साप-विंचवांचा तो माळ. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. सोबत सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे होती.

माळाचे वर्णन चरित्रांत रंगवून येते. स्थानकाचे महत्त्व मात्र पुरेसे सांगितले जात नाही. बीड आणि कोळसा रेल्वेने यायचा आणि नांगर रेल्वेनेच जायचे. स्थानक नसते तर त्या माळावर कारखाना टिकता ना. परंतु रेल्वेने माल येतो, माणसे येऊन राहत नाहीत. त्यांच्यासाठी घरे, पाणी, शाळा, दवाखाना यांची सोय करणे भाग होते. बेळगावात या गोष्टी शहर पुरवत असे. वाडीत त्या कारखान्याच्या कामकाजाचा भाग झाल्या. लक्ष्मणरावांनी पाश्चात्त्य उद्योगनगरांविषयी वाचले होते आणि तसे काही आपल्याकडे व्हावे ही त्यांची इच्छा होती. तरीही वसाहत हा केवळ एक उदात्त प्रयोग नव्हता. सकाळी भट्टी पेटवायला माणूस हजर असावा, यासाठी रात्री त्याच्या मुलाच्या तापाला औषध मिळायला हवे होते. शिवाशिव न पाळण्याचा वाडीतला नियम, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचा निर्णय, यांत सुधारकी मन दिसते. त्याचबरोबर एकाच ओतशाळेत खांद्याला खांदा लावून काम करायचे असेल तर सोवळे-ओवळे चालवून घेता येत नाही, हा व्यवहारही दिसतो. सुधारणा आणि सोय यांची अशी सांगड एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या निबंधकारांना कागदावर सहसा साधली नाही.

या वाढीत लक्ष्मणरावांनी एक गोष्ट लवकर ओळखली, ती म्हणजे आपण सर्वत्र असू शकत नाही. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे गेली. यंत्रांची जाण असलेले शंभूराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडून आलेले अनंतराव फळणीकर अशी माणसे आपापल्या कामात मुखत्यार झाली. यांतल्या बहुतेकांजवळ त्या कामाची पदवी नव्हती. तशी पदवीधर माणसे त्या काळी त्या माळावर आलीही नसती. म्हणून जी माणसे आली त्यांच्यातून काम उभे करावे लागले. एका माणसाच्या डोक्यातले ज्ञान चौघांच्या हातांत गेले की कारखाना वाढतो, आणि त्याच क्षणी त्या एकाची त्यावरची पकड सैल होते. ही सैल झालेली पकड सहन करण्याची तयारी सर्व संस्थापकांजवळ नसते.

पहिल्या महायुद्धाने या व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवली. बीड, कोळसा, रंग या परगावाहून येणाऱ्या साऱ्या वस्तू दुर्मीळ झाल्या. कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा या काळात वितळवून त्यांचे नांगर केल्याची हकीकत सांगितली जाते. तोफांचे नांगर झाले हे वाक्य कोणत्याही वक्त्याला मोह पाडील. पण कारखान्याच्या दृष्टीने तो टंचाईवरचा उतारा होता. गावचा सुतार बांधावरच्या बाभळीवर अवलंबून होता, तर वाडीचा कारखाना दूरच्या खाणी, बंदरे आणि रेल्वेच्या वाघिणींवर. वाढ होते तसतसे हे अवलंबित्व लांबवर पसरत जाते. ज्या शेतकऱ्याने एके काळी 'मोडले तर कोण देईल?' असे विचारले होते, त्याचाच प्रश्न आता कारखाना जगाला विचारत होता.

आता १९२० सालाकडे येऊ. पेढीची कंपनी झाली, म्हणजे ओळखीच्या माणसांच्या भांडवलाबरोबर अनोळखी माणसांचे भांडवलही आले. गिऱ्हाईक तर केव्हाच अनोळखी झाले होते. नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे अशी अवजारे वाढत होती आणि ती दूरदूर जात होती. बेळगावच्या दुकानात लक्ष्मणराव गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलू शकत. हे बोलणे आता कोणी करायचे? अवजार कसे जोडावे, कोणता भाग झिजतो, कोणत्या जमिनीत किती बैल लागतात, हे सर्व सांगणारा आवाज कारखान्याला हवा होता. 'किर्लोस्कर खबर' हा तो आवाज होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे आपले शंवाकि, यांनी ती काढली. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे आणि कारखान्यात जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. जाहिरातीसाठी चित्र काढणाऱ्याला एक शिस्त अंगी बाणवावी लागते. पाहणारा घाईत आहे, त्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही, आणि त्याने पान उलटले तर दोष आपला, हे त्याने गृहीत धरलेले असते.

मराठी मासिकाच्या संपादकाला ही शिस्त नवी होती. त्याआधीची आपली अनेक मासिके वाचकाकडे शिष्य म्हणून पाहत. वाचकाला ज्ञान हवे असते, ते देण्याचा अधिकार आपला, आणि न समजल्यास कमतरता त्याची, असा एक सूर त्यांत असे. 'खबरी'ने वाचकाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिले. 'गिऱ्हाईक' हा शब्द आपल्याला साहित्याच्या संदर्भात खटकतो. पण ज्या कारखान्याला पहिल्या नांगरासाठी दोन वर्षे थांबावे लागले, त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक म्हणजे नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार असलेला माणूस. त्याची समजूत घालावी लागते, त्याला चित्र दाखवावे लागते, लहान वाक्यात सांगावे लागते, आणि सांगितलेले खोटे निघाले तर तो पुन्हा येत नाही. मराठी गद्याला सुटसुटीतपणा आला त्याची अनेक कारणे आहेत. त्यांत या शिस्तीचाही वाटा मोजायला हवा.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १९२९ साली नावातला 'खबर' हा शब्द गेला आणि नुसते 'किर्लोस्कर' उरले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. रूढींवर कठोर प्रहार करणारे सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. या मासिकांचा बुद्धिवाद पुस्तकांतून आलेला होता तसाच ओतशाळेतूनही आलेला होता. भट्टी मुहूर्त पाहून वितळत नाही, हे ज्यांनी रोज पाहिले त्यांना फलज्योतिषावर लिहिण्यासाठी वेगळे धैर्य गोळा करावे लागले नसावे.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. परंतु नावातून 'खबर' गेली तेव्हा आणखी काही गेले का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला पाहिजे. मासिक वाङ्मयीन होत गेले तसतसा त्याचा वाचक बदलला. पुण्या-मुंबईतला, तालुक्याच्या गावातला शिकलेला पांढरपेशा गृहस्थ आणि त्याची लिहू-वाचू लागलेली पत्नी हे त्याचे खरे वाचक झाले. ज्याच्यासाठी कारखाना उभा राहिला तो नांगरधारी वाचक, किंवा निदान ज्याला कोणीतरी वाचून दाखवील असा श्रोता, हळूहळू पानांवरून दिसेनासा झाला. कारखाना अनोळखी माणसाशी बोलायला शिकला, मासिकही शिकले. पण दोघांचे अनोळखी वेगळे झाले. मराठीत शेतीयंत्रांविषयीचे चांगले, साधे गद्य घडण्याची जी शक्यता १९२० साली उघडली होती, ती साहित्याच्या ओढीने मागे पडली, असे माझे मत आहे.

कारखान्याची वाटही वाडीत मावेनाशी झाली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून १९२६ साली परतले. त्यानंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही. अशा वेळी केवळ नांगरावर विसंबून चालणार नव्हते, म्हणून लोखंडी फर्निचरासारख्या वेगळ्या वस्तूंवर भर आला. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रावजारांचा कारखाना निघाला. १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा. एका माळावरचे एक कुटुंब ही कल्पना तिथे संपली. यापुढे पदवीधर अभियंते आले, निरनिराळ्या कंपन्या आल्या, प्रत्येकीचे वेगळे कामकाज आले. जांभेकर-फळणीकरांच्या पिढीने हातांनी जे ओळखले होते, ते आता तक्त्यांत आणि मापांत उतरले.

आणि १९४८ साल. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. ज्या परिसरात हे घडले तो राजकीयदृष्ट्या निद्रिस्त नव्हता. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळ खोल रुजलेली होती, आणि शेजारचे कुंडल हे नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र होते. आगीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. शिवाशिव न मानणाऱ्या, शेकडो घरांना काम देणाऱ्या वसाहतीला जातीच्या हिशेबात धरले गेले, यातला अन्याय उघड आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. दूरच्या वाचकाशी इतक्या समर्थपणे बोलणाऱ्या या संस्थेचा आवाज कुंपणापलीकडच्या गावात किती पोहोचला होता? मुंबईच्या घरात 'स्त्री' वाचली जात होती. शेजारच्या वाड्या-वस्त्यांत काय वाचले जात होते? पहिला नांगर विकताना जो अविश्वास समोर होता तो व्यवहाराने जिंकला गेला. दुसरा, समाजाच्या रचनेतला अविश्वास यंत्राने जिंकता येत नाही, आणि चांगल्या मासिकानेही नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी आजही नकाशावर आहे. कुंडल रोड स्थानकालाही तिचेच नाव मिळाले. शंवाकिंनी लक्ष्मणरावांचे चरित्र लिहिताना त्याला 'यांत्रिकाची यात्रा' असे नाव दिले. त्यातला 'यांत्रिक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उद्योगपती, कारखानदार, शेठ हे शब्द उपलब्ध असताना त्यांनी काम दाखवणारा शब्द निवडला.

आपल्या अभ्यासक्रमांत उद्योगाचा इतिहास वाणिज्य विभागाकडे असतो आणि मासिकांचा आपल्याकडे. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे दोन्हीकडचे आकलन अपुरे राहते. वाणिज्यवाल्यांना भांडवल, यंत्रे आणि माणसे दिसतात. त्यांना जोडणारे गद्य दिसत नाही. आपल्याला गद्य दिसते. ते कोणत्या निकडीतून आले हे दिसत नाही. 'खबरी'चे आरंभीचे अंक, अवजारांची सूचीपत्रे, जाहिराती, नांगर जोडण्याच्या सूचना हे सारे मराठी गद्याचेच दस्तऐवज आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय मागितला तर त्याला आपण बहुधा चौथ्यांदा चर्चिलेली कादंबरी सुचवतो. त्याऐवजी त्याला ही सूचीपत्रे शोधायला सांगावे. आपल्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसासाठी मराठीत स्पष्ट कसे लिहावे, हे तिथे त्याला शिकता येईल, आणि ते शिक्षण आपल्या वर्गांत आज फारसे मिळत नाही.